लेडी मेहेरबाई टाटा

परळच्या टाटा रुग्णालयावरून आपण कितीदा तरी गेलो असू. कित्येक भगिनींना आप्तस्वकीयांसाठी आत जाण्याचा, बाकावर नंबर लावून बसण्याचा आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहण्याचा प्रसंगही आला असेल. टाटा हे नाव उच्चारले की पोलाद, मोटारी, मीठ अशा वस्तू डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु या रुग्णालयाच्या आणि त्यापाठीमागे चालणाऱ्या संशोधनाच्या मुळाशी एका स्त्रीचे आजारपण आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. यंदाच्या स्मरणिकेत कोणाचे चरित्र द्यावे याचा विचार चालू असता आमच्या मंडळातील एका भगिनीने आपली कन्या कर्करोगाच्या संशोधनात पीएच.डी. करू लागल्याचे सांगितले, आणि तिला दरमहा मिळणाऱ्या विद्यावेतनावर बैठकीत बरीच चर्चा झाली. शिकणाऱ्या मुलीला उलट पैसे कोण कशाला देईल, यात काही फसवणूक तर नाही ना, अशी शंकाही एकीने काढली. त्या चर्चेतूनच मेहेरबाईंचे नाव पुढे आले.

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी मुंबईस एका पारशी कुटुंबात झाला. वडील होरमसजी भाभा विलायतेस जाऊन शिकून आलेले. पुढे ते म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्यात गेले आणि तेथील इन्स्पेक्टर-जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. त्यामुळे मेहेरबाईंचे बालपण म्हैसूर-बंगळूरकडे गेले. बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेत त्या शिकल्या. शाळा संपल्यावर इंग्रजी व लॅटिनचा अभ्यास त्यांनी चालू ठेवला, वडिलांच्या कॉलेजात जाऊन विज्ञानाच्या वर्गांना बसल्या आणि पियानोही उत्तम वाजवू लागल्या. पुण्यास १८८४ साली मुलींची हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा केवढे वादळ उठले होते हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्याच सुमारास एका मुलीला हे सारे सहजासहजी मिळत होते याचे नवल वाटेल. घर सुखवस्तू आणि बाप शिक्षक, हे भाग्य लहान नव्हे.

जमशेटजी टाटा म्हैसूरला जात-येत असत. भाभांचे घर त्यांच्या परिचयाचे, आणि त्या घरातील ही हुशार मुलगी त्यांच्या मनात भरली होती. त्यांनी आपले वडील चिरंजीव दोराबजी यांना म्हैसूरला जाल तेव्हा भाभांकडे जाऊन या, असे सुचविले. दोराबजी गेले, आणि जमशेटजींच्या मनात होते तेच घडले. विवाहसमयी मेहेरबाई अठरा वर्षांच्या होत्या व दोराबजी अडतीस वर्षांचे. वीस वर्षांचे हे अंतर आज आपल्याला खटकते. तथापि त्या दोघांचा संसार फार प्रेमाचा झाला, याविषयी त्यांच्या ओळखीच्या माणसांत दुमत नव्हते. त्यांना मूल झाले नाही. मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा होमी हा लहानपणी त्यांच्या घरी नेहमी येई व तेथील तबकड्यांवर पाश्चात्य संगीत ऐकत बसे. हाच मुलगा पुढे डॉ. होमी भाभा म्हणून जगाला माहीत झाला.

दोराबजींनी आपल्या पत्नीसाठी जो हिरा घेतला, त्याची कथा सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतील यागर्सफोंटेनच्या खाणीत एक प्रचंड खडा सापडला. त्याला पैलू पाडल्यावर तो २४५ कॅरटांहून थोडा अधिक भरला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला १८९७ साली साठ वर्षे झाली, त्या प्रसंगावरून त्याचे नाव ज्युबिली पडले. कोहिनूर आज सुमारे १०५ कॅरटांचा आहे. म्हणजे हा त्याच्या दुपटीहून मोठा. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तो मांडला होता, आणि त्याच सुमारास दोराबजींनी तो विकत घेतला. साखळीत गुंफलेला हा हिरा मेहेरबाई मोठ्या समारंभांच्या वेळी घालीत.

पण त्यांचे मन दागिन्यांपेक्षा मैदानावर अधिक रमे. त्या पट्टीच्या टेनिसपटू होत्या. पारशी पद्धतीची साडी नेसूनच त्या खेळत आणि निरनिराळ्या सामन्यांतून त्यांनी साठांहून अधिक बक्षिसे मिळविली. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी मिश्र दुहेरीत मोहम्मद सलीम यांच्याबरोबर हिंदुस्थानतर्फे त्यांचे नाव दाखल झाले होते. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस होते. चाळिशी उलटली की बायकांनी धावाधाव करू नये असे सांगणाऱ्या मंडळींना हे उदाहरण ऐकवावे.

सार्वजनिक कामात त्यांनी पुढाकार घेतला तो पहिल्या महायुद्धाच्या काळापासून. १९१९ साली त्यांना सी. बी. ई. हा किताब मिळाला. मुंबई इलाख्याच्या स्त्री-मंडळांना एकत्र गुंफणारी बॉम्बे प्रेसिडेन्सी वुइमेन्स कौन्सिल आणि त्यानंतर १९२५ मध्ये निघालेली नॅशनल कौन्सिल ऑफ वुइमेन इन इंडिया या दोन्ही संस्थांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. मुलींचे शिक्षण, पडदा, बालविवाह या प्रश्नांवर त्या सतत बोलत. १९२७ साली अमेरिकेतील मिशिगन प्रांतात बॅटल क्रीक येथे त्यांनी हिंदू विवाहाच्या सुधारणेचा पक्ष मांडणारे भाषण केले. १९२९ साली जो बालविवाह-प्रतिबंधक कायदा झाला, ज्याला आपण शारदा कायदा म्हणतो व ज्याने मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा ठरविले, त्याच्या विचारविनिमयातही त्यांचा सल्ला घेतला गेला होता. या सर्व चळवळी श्रीमंत, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या होत्या, हा आक्षेप काही खोटा नाही. चाळीतल्या किंवा खेड्यातल्या बाईपर्यंत त्यांचा आवाज थेट पोहोचला असेल असे वाटत नाही. परंतु कायदा झाला, तो सर्वांसाठीच झाला.

१९२४ साल टाटांच्या घराण्याला मोठ्या कसोटीचे गेले. महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले, जमशेटपूरच्या कारखान्यात कामगारांचे पगार द्यायला पैसा उरला नाही. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची सारी खासगी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे गहाण टाकून कर्ज काढले. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते आणि ज्युबिली हिराही होता. घरावर संकट आले म्हणजे गळ्यातले काढून देणे आपल्या बायकांना नवीन नाही. येथे गळ्यातले म्हणजे कोहिनूरच्या दुप्पट होते, एवढाच काय तो फरक. कारखाना सावरला, कर्ज फिटले व हिरा परत आला.

यानंतर सात वर्षांत मेहेरबाईंना रक्ताच्या कर्करोगाने गाठले. इंग्रजीत त्याला ल्युकेमिया म्हणतात. आपल्या हाडांच्या पोकळीत जो मगज असतो, तेथे रक्तातील पेशी तयार होतात. त्यांतील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात, पण रोगाशी झुंजण्याचे आपले काम करीनाशा होतात. तांबड्या पेशींना जागा उरत नाही. माणूस पांढरा पडतो, थकतो, लहानसहान आजार बळावतात. जर्मनीतील डॉ. विर्चो यांनी १८४५ मध्ये या रोगाचे वर्णन केले व पुढे त्याला नाव दिले. पण नाव ठेवल्याला ऐंशी वर्षे लोटली तरी औषध सापडले नव्हते. क्ष-किरण द्यावेत, सोमलाचे पाणी द्यावे, याने काही दिवस बरे वाटावे, यापलीकडे वैद्यकाची मजल नव्हती. जगातील कोणताही डॉक्टर बोलावता येईल एवढा पैसा हाताशी होता. आणि बोलावून उपयोग नव्हता. उत्तर वेल्समधील रुथिन येथील शुश्रूषागृहात १८ जून १९३१ रोजी मेहेरबाई वारल्या. त्या वेळी त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. लंडनजवळ ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

दोराबजी तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. यापुढचे एक वर्ष त्यांनी निरवानिरवीत घालविले असे म्हणावे लागते. मार्च १९३२ मध्ये त्यांनी आपली बहुतेक सारी संपत्ती, त्या हिऱ्यासह, एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. तोच सर दोराबजी टाटा ट्रस्ट. पुढल्याच महिन्यात त्यांनी पत्नीच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. मेहेरबाईंच्याच नावाचा आणखी एक शिक्षणनिधी त्याच वर्षी निघाला. आरोग्य, स्वच्छता आणि समाजसेवा या विषयांत उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय पदवीधर स्त्रियांना त्यातून मदत मिळे. मग पत्नीच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी दोराबजी युरोपला निघाले, आणि वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचाही अंत झाला. वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले होते. त्यांना ब्रुकवुडलाच मेहेरबाईंशेजारी ठेवण्यात आले.

लेडी टाटा ट्रस्टची योजना जरा निरखून पाहण्यासारखी आहे. मूळ रकमेला हात लावायचा नाही. तिच्या उत्पन्नाचे पाच भाग करायचे. त्यांपैकी चार भाग रक्ताच्या कर्करोगावर व तत्सम रोगांवर संशोधन करणाऱ्या कोणत्याही देशाच्या शास्त्रज्ञांसाठी, आणि एक भाग माणसाच्या व्याधी दूर करणाऱ्या संशोधनासाठी भारतात खर्च करायचा. आपल्या देशातला पैसा चार-पंचमांश परदेशी का द्यावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आमच्याही आला. परंतु १९३२ साली या रोगाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे नव्हत्या. ज्या रोगाने पत्नी गेली त्याचे मूळ शोधायचे, तर जो शोधू शकेल त्याला, तो कोणत्याही जातीधर्माचा वा देशाचा असो, पैसा द्यायचा, असा सरळ हिशेब दोराबजींनी केला. आणि पैसा दिला तोही इमारतींना नव्हे, माणसांना. शास्त्रज्ञ घडायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत त्याने खायचे काय, हा प्रश्न कोणीतरी सोडवावा लागतो. या निधीतून तेव्हापासून देशोदेशींच्या तरुण संशोधकांना पारितोषिके व शिष्यवृत्त्या मिळत आल्या, आणि भारतातील संशोधक विद्यार्थ्यांनाही.

दोराबजींच्या मनात आणखी एक गोष्ट होती. पत्नीला परदेशी जशी शुश्रूषा मिळाली तशी सोय आपल्या देशात व्हावी. ती त्यांच्या हयातीत झाली नाही. ट्रस्टने ती पुरी केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. आरंभी तेथे ८० खाटा होत्या. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती आली. १८९५ साली जन्मलेले हे गृहस्थ विकृतिशास्त्राचे गाढे पंडित. पण त्यांची नजर माणसाच्या रोजच्या चालीरीतींवर असे. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी करकचून बांधल्याने तेथील कातडीला होणारा कर्करोग त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली एका निबंधात नोंदविला. तंबाखू-चुना दाढेखाली धरण्याच्या सवयीने आणि विडीचे जळते टोक तोंडात ठेवण्याच्या आंध्रकडील चालीने होणारे कर्करोगही त्याच निबंधात होते. साडीच्या परकराची नाडी घट्ट आवळण्याने होणाऱ्या अशाच विकाराविषयीही डॉक्टरांनी पुढे लिहिले आहे. भगिनींनी नाडी सैल बांधावी, एवढे येथे जाता जाता सांगून ठेवते.

खानोलकरांच्या हाताखाली ज्यांनी डॉक्टरेटसाठी अभ्यास केला, त्यांत एक पुण्याच्या लेकी होत्या. माहेरच्या समर्थ, डॉ. कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. शाळा अर्थातच हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे ही वडिलांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केले नाही. त्या वनस्पती व प्राणिशास्त्राकडे वळल्या, गणिताच्या प्राध्यापकांशी विवाह केला आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजातून १९४३ साली एम.एस्सी. झाल्या; विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी. तेथून कर्करोगाची पेशी फार लांब नव्हती. मुंबईस आल्यावर टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करीत त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. खानोलकरांच्या आग्रहावरून संशोधनवृत्ती मिळवून त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात कशा वाढवायच्या, हे तंत्र त्या तेथे शिकल्या. परत येऊन इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी आणि शरीरातील अंतःस्रावांशी काय संबंध आहे, हा प्रश्न आपल्या देशात ज्यांनी प्रथम हाती घेतला त्यांत त्या होत्या. १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या संचालकपदाचा कार्यभार त्यांनी सांभाळला, १९७३ मध्ये भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला आणि १९८२ मध्ये पद्मभूषण किताब मिळविला. २००१ साली त्या निवर्तल्या. मेहेरबाई गेल्या तेव्हा या मुलीला चौदावे वर्ष चालू होते. दोघींची कधी भेट झाली नाही, व्हायचे कारणही नव्हते. पण एकीच्या आजारातून जी वास्तू उभी राहिली, तिच्यात दुसरी घडली.

पुढे १९६२ साली रुग्णालय व संशोधन केंद्र अणुशक्ती खात्याकडे आले. त्या खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, मेहेरबाईंचा तोच भाचा. १९६६ मध्ये दोन्ही संस्थांचे मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. संशोधनाचा भाग २००२ सालापासून नव्या मुंबईत खारघरला हलला. आज अनेक मुले-मुली तेथे पीएच.डी. करतात.

आणि मेहेरबाईंच्या त्या रोगाचे काय झाले? १९४८ साली बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी एका औषधाने रक्तकर्करोगाची मुले काही काळ तरी बरी होतात, हे दाखविले. १९६० मध्ये फिलाडेल्फियातील दोघा संशोधकांना एका प्रकारच्या रक्तकर्करोगात एक गुणसूत्र नेहमी आखूड आढळले. ते आखूड का, याचा उलगडा १९७३ मध्ये शिकागोच्या डॉ. जॅनेट रावली यांनी केला. चार मुलांची ही आई, मुले लहान असता आठवड्यातून मोजके दिवस नोकरी करीत असे. गुणसूत्रांची छायाचित्रे कातरून ती घरी जेवणाच्या टेबलावर मांडी, तेव्हा आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुले तिची थट्टा करीत. दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटतात, हे तिला त्या टेबलावर दिसले. त्यावरून नेमके घाव घालणारी गोळी २००१ साली बाजारात आली आणि त्या प्रकारचे रोगी पुढे वर्षानुवर्षे संसार करू लागले. मुलांच्या एका प्रकारच्या रक्तकर्करोगातून आज नीट उपचार झाल्यास बहुतेक मुले बरी होतात. १९३१ साली यांतले काहीच नव्हते.

आता बैठकीतील त्या शंकेकडे वळते. आमच्या भगिनीच्या कन्येने एम.एस्सी. नंतर केंद्र सरकारच्या वतीने होणारी राष्ट्रीय परीक्षा दिली. ती पास होऊन मुलाखतीत निवड झाली म्हणजे संशोधन करताना निर्वाहासाठी वेतन मिळते. जानेवारी २०२३ पासून हा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतर ४२,००० रुपये असा ठरला; घरभाड्याचा भत्ता निराळा. पदवीला साधारण पाच वर्षे लागतात. वयोमर्यादेत स्त्रियांना पाच वर्षांची सवलत असते. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान मंडळाने २०१६ पासून केली आहे. लग्न वा मुलांमुळे विज्ञान सोडावे लागलेल्या स्त्रियांसाठी सरकारच्या विज्ञान खात्याने २००२-०३ पासून निराळ्या योजनाही काढल्या. ही भीक नव्हे आणि कर्जही नव्हे. मुलगी दिवसभर पेशी वाढविते, त्या मरतात, पुन्हा वाढविते. त्या कामाचे हे वेतन आहे. तिच्या आजीला मात्र अजून नात नोकरीला कधी लागणार याचीच काळजी आहे.

ज्युबिली हिरा दोराबजींच्या पश्चात विकला गेला व त्याची किंमत ट्रस्टमध्ये जमा झाली. तो परदेशातच राहिला.

शंका काढणाऱ्या भगिनींनी गेल्या महिन्यात आपल्या नातीसाठी या परीक्षेची चौकशी केली. ज्यांना माहिती हवी असेल त्यांनी गुरुवारी चार ते सहा या वेळात मंडळाच्या चिटणीसांकडे विचारावे.